एटीजीच्या अलीकडची नऊ अक्षरं

बाळ, परवा तू फोनवर म्हणालीस, "आत्या, आरबीएस तर जेमतेम बारा अक्षरांचा, त्यात शिकायचं काय?" प्रमोटर कोणता घ्यायचा यावर तुम्ही पोट्टे भांडभांड भांडलात आणि आरबीएस मात्र यादीतला पहिला दिसला तो उचलला, हेही तूच सांगितलंस. म्हणून लिहून पाठवते. फोनवर सांगितलेलं तू अर्धं ऐकतेस. कागद निदान बेंचसमोर चिकटवता येतो.

आरबीएस म्हणजे रायबोसोम बसायची जागा. आधी या बारा अक्षरांचं काम नीट समजून घे. जनुकाची आरएनए नक्कल झाली की रायबोसोमला त्या लांबलचक नकलेवर नेमकं कुठे बसायचं हे कळावं लागतं. प्रथिनाची सुरुवात सांगणारे एटीजी तर जागोजागी असतात, त्यातला खरा कोणता? १९७४ साली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत जॉन शाइन आणि लिन डालगार्नो यांनी याचं उत्तर दिलं. ई. कोलायच्या रायबोसोमच्या लहान भागात १६एस नावाचा आरएनए असतो. त्याच्या शेपटाकडची अक्षरं आणि संदेशातली एटीजीच्या थोडी आधी येणारी एजीजीएजीजी ही अक्षरं एकमेकांना जुळतात. शेपूट तिथे चिकटलं की एटीजी आपोआप योग्य खाचेत येतो. पुढच्याच वर्षी जोन स्टाइट्झ आणि कॅरन जेक्स यांनी ही जोडी प्रत्यक्ष प्रयोगात दाखवून दिली. नक्कल काढायला लावणारा प्रमोटर कितीही जोरकस असला तरी इथे बैठक जमली नाही, तर आरएनए भरपूर आणि प्रथिन मात्र नावाला, अशी गत होते.

आता तुमची ती यादी. एमआयटीतल्या टॉम नाइट यांनी २००३ साली बायोब्रिकची कल्पना मांडली. प्रत्येक जनुकीय तुकड्याची टोकं सारखी ठेवायची, म्हणजे कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला जोडता येईल. त्यातून प्रमाणित भागांचं भांडार उभं राहिलं. त्यातला बी००३४ हा आरबीएस म्हणजे एलोविट्झ यांच्या २००० सालच्या रेप्रेसिलेटर नावाच्या जनुकीय मंडलातला. त्याची ताकद १ धरली आणि बाकीचे त्याच्याशी ताडले: बी००३० ची ०.६, बी००३२ ची ०.३, बी००३१ ची ०.०७, बी००३३ ची ०.०१. दिसायला किती छान! हवी तेवढी ताकद निवडा, जोडा आणि मोकळे व्हा.

माझा पहिला कानमंत्र हाच की या आकड्यांवर भाळू नकोस. ते खोटे नाहीत. पण ज्या जनुकापुढे, ज्या प्लाझ्मिडमध्ये, ज्या जातीच्या जिवाणूत मोजले, तिथले आहेत. आरबीएसला स्वतःची अशी ताकद नसतेच. ताकद असते ती आरबीएस आणि त्याच्या पुढचं जनुक या जोडीची. तुझ्या आजोबांच्या काटोलच्या बागेत एकाच झाडाचे संत्र्याचे डोळे जंबेरीच्या खुंटावर भरले आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरले, तर झाडं सारखी निघत नव्हती. डोळा तोच, खुंट बदलला. इथेही तसंच समज.

हे नुसतं म्हातारीचं म्हणणं समजू नकोस. २०१३ साली श्रीराम कोसुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११४ प्रमोटर आणि १११ आरबीएस घेऊन बारा हजारांवर जोड्या बनवल्या आणि सगळ्या मोजल्या. प्रमोटरचा आकडा आणि आरबीएसचा आकडा यांच्यावरून बांधलेला प्रथिनाचा अंदाज सुमारे ६४ टक्के वेळाच दुपटीच्या आत बरोबर आला. सगळ्यात वाईट पाच टक्के जोड्यांत तर तो सरासरी १३ पटींनी चुकला. आणि तिथे पुढचं जनुक एकच होतं, हे विसरू नकोस! तू तर दर वेळी नवं जनुक लावणार.

दुसरी गोष्ट अंतराची. इथे जरा थांब आणि पेन घे. बी००३४ ची अक्षरं लिही: एएए-जीएजी-जीएजी-एएए. यातला रायबोसोमला धरणारा गाभा म्हणजे मधला एजीजीएजी. त्याच्यापुढे तीन ए उरतात. आता बायोब्रिक पद्धतीने पुढे जनुक जोडलंस की सांध्यावर व्रण राहतो, टीएसीटीएजी. ही सहा अक्षरं, आणि मग एटीजी. गाभा संपल्यापासून एटीजीपर्यंत किती झाली? तीन आणि सहा, नऊ. ई. कोलायला साधारण पाच ते नऊ अक्षरांचं अंतर मानवतं, म्हणजे आपण काठावर पण आत आहोत. कुठून कुठपर्यंत मोजायचं यावर पुस्तकापुस्तकांत फरक आहे, तेव्हा आपली एक रीत ठरव आणि तीच कायम पाळ.

पण नेहमीचा बायोब्रिक व्रण सहाचा नसतो, आठचा असतो: टीएसीटीएजीएजी. जनुकांसाठी मुद्दाम दोन अक्षरं कमी केलेलं टोक ठेवलं आहे, तिथे एटीजीतला पहिला ए हाच एक्सबीए-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमच्या, म्हणजे कात्रीच्या, जागेचं शेवटचं अक्षर होतो. कुणी घाईत जनुकाला साधं टोक लावून प्रायमर मागवले, तर अंतर नऊचं अकरा होतं आणि उत्पादन कोसळू शकतं. वर त्या व्रणात टीएजी हा थांबण्याचा कोडॉनही बसलेला आहे, म्हणून याच पद्धतीने दोन प्रथिनं एकमेकांना जोडायला जाऊ नकोस. प्रायमर मागवण्याआधी आरबीएसपासून जनुकाच्या दहाव्या कोडॉनपर्यंतची सलग अक्षरं एका ओळीत लिहून काढ आणि बोट ठेवून मोज. सॉफ्टवेअर जोडून दाखवतं हे खरं, पण मोजून दाखवत नाही.

तिसरी गोष्ट निव्वळ हाताची आहे, ती कोणत्या शोधनिबंधात सापडणार नाही. आरबीएसचा तुकडा कापून जेलवरून काढायला जाऊ नकोस. एवढासा तुकडा जेलच्या खालून पळून जातो, उरला तर शुद्धीकरणाच्या कॉलममधून वाहून जातो, आणि तू ट्यूबमध्ये नुसतं बफर घेऊन बसतेस. उलटं कर. आरबीएस असलेलं प्लाझ्मिडच एसपीई-वन आणि पीएसटी-वनने उघड आणि तुझं जनुक एक्सबीए-वन आणि पीएसटी-वनने कापून त्याच्या मागे बसव. दोन्हीकडची टोकं जुळतात. फक्त लक्षात ठेव, त्या प्लाझ्मिडवर दोन्ही कात्र्यांच्या जागा अगदी शेजारी आहेत, त्यामुळे एकच कापली गेली की दोन्ही, हे जेलवर कळत नाही. म्हणून जनुक न घालता नुसतं प्लाझ्मिड जोडून एक प्लेट नक्की लाव. तिच्यावर कॉलन्यांचं रान माजलं तर खऱ्या प्लेटवरच्या कॉलन्या उचलण्यात अर्थ नाही.

याहून सोपा मार्ग म्हणजे आरबीएस प्रायमरवरच लिहायचा. एकच पुढचा प्रायमर: कात्रीची जागा, आरबीएस, अंतराची अक्षरं, एटीजी आणि जनुकाची पुढची अठरा-वीस अक्षरं. मी तर हल्ली हाच मार्ग सांगते. प्रमाणित भाग म्हणजे डबीतलीच वस्तू असं थोडंच आहे? अक्षरं प्रमाणित असली की झालं. प्रायमरचे ऑलिगो कोरडे येतात, उन्हाळ्यातही त्यांना फारसं काही होत नाही. एन्झाइमची गोष्ट वेगळी. मे महिन्यात शुक्रवारी निघालेलं पार्सल कुरिअरच्या गोदामात शनिवार-रविवार काढतं आणि कोरडा बर्फ संपतो. सोमवारी पाठवा म्हणून फोन कर, आणि पार्सल उघडलं की बर्फ उरला आहे का ते आधी बघ, मग सही कर.

आता मुख्य गोम. अंतर बरोबर, अक्षरं बरोबर, तरी प्रथिन नाही. असं झालं की पोरं प्रमोटरला शिव्या देतात. तू आधी आरएनएची घडी बघ. आरएनए एकेरी असतो, त्यामुळे तो स्वतःवरच दुमडतो, आणि तुझ्या जनुकाची सुरुवातीची अक्षरं आरबीएसला जुळणारी असली तर तो आरबीएस केसपिनेत अडकून बसतो. रायबोसोमला बसायला जागाच राहत नाही. लायडनच्या डी स्मिट आणि व्हान डाइन यांनी १९९० साली एमएस२ विषाणूच्या कवचाच्या जनुकावर हे मोजून दाखवलं. केसपिन १.४ किलोकॅलरीने घट्ट झाली की प्रथिन दहापटीने कमी. म्हणजे एखादी जीसी जोडी इकडची तिकडे झाली तरी तुझा सगळा हिशेब कोलमडला.

२००९ साली कुडला आणि सहकाऱ्यांनी हिरव्या चकाकत्या प्रथिनाच्या (जीएफपीच्या) जनुकाची १५४ रूपं बनवली. सगळ्यांतून तेच्या तेच प्रथिन निघणार, फक्त कोडॉन वेगळे. प्रथिनाच्या प्रमाणात २५० पटींपर्यंत फरक पडला, आणि त्यातला अर्ध्याहून अधिक उलगडला तो एटीजीच्या आसपासच्या आरएनएच्या घडीवरून. कोडॉन दुर्मीळ की नेहमीचे, याला आपण उगीच डोक्यावर बसवलं होतं.

यातून हाताशी काय घ्यायचं, तर जनुकाचे सुरुवातीचे दहा-बारा कोडॉन सैल ठेवायचे. अमिनो आम्ल तेच राहील असं बघून जिथे जमेल तिथे जी-सीऐवजी ए-टी घे. आणि हे लिहून ठेव: टॅग बदललास की आरबीएस बदलला. सहा हिस्टिडीनची शेपटी जनुकाच्या मागून काढून पुढे लावलीस, की एटीजीच्या लगेच पुढची अक्षरं बदलली, घडी बदलली, ताकद बदलली. मग गेल्या महिन्याचे आकडे या महिन्याच्या आकड्यांशेजारी ठेवून आलेख काढू नकोस. चार जनुकांची तुलना करायची असेल तर चौघांनाही पुढून एकच टॅग लाव. सुरुवात सारखी झाली की निम्मी भांडणं मिटतात.

गणक वापर, जरूर वापर. हॉवर्ड सॅलिस, ईथन मिर्स्की आणि ख्रिस्तोफर व्हॉइट यांनी २००९ साली आरबीएस कॅल्क्युलेटर काढला. एटीजीच्या दोन्ही बाजूंची सुमारे ३५-३५ अक्षरं घेऊन तो जुळणी, अंतर आणि घडी यांच्या ऊर्जांची बेरीज-वजाबाकी करतो. लाखभर पटींच्या पल्ल्यात सरासरी २.३ पटीच्या आत अंदाज, असं त्यांनी मांडलं. चांगलाच आहे. पण त्यात व्रणासकट खरी अक्षरं भर. यादीतली सुटी अक्षरं भरलीस तर भलत्याच आरएनएचं उत्तर मिळेल, आणि तेही दोन दशांशांपर्यंत.

आणि एक युक्ती आहे, ती मला फार आवडते. मुंबई आयआयटीत ई. कोलायच्या यंत्रणांवर काम केलेले विवेक मुतालिक पुढे कॅलिफोर्नियात गेले. तिथे बायोफॅब या संस्थेत ॲडम आर्किन, ड्रू एन्डी यांच्या गटाबरोबर २०१३ साली त्यांनी दुहेरी रचना मांडली. खऱ्या जनुकाच्या आधी एक छोटंसं बिनकामाचं पेप्टाइड ठेवायचं, त्याला स्वतःचा जोरदार आरबीएस द्यायचा, आणि दुसरा आरबीएस त्या पेप्टाइडच्या पोटात लपवायचा. पेप्टाइडचा थांबण्याचा कोडॉन आणि खऱ्या जनुकाचा सुरुवातीचा कोडॉन एकमेकांत गुंतलेले. पहिल्या आरबीएसवर बसलेला रायबोसोम चालत येताना वाटेतल्या सगळ्या केसपिना उलगडत येतो, आणि दुसरा आरबीएस आपोआप मोकळा होतो. मग पुढे कोणतंही जनुक लाव, सुमारे ९३ टक्के वेळा अपेक्षेच्या दुपटीच्या आत उत्तर येतं. आरबीएसला प्रमाणित भाग म्हणावं, ते या रचनेत शोभतं. तुझं जनुक दर वेळी बदलणार असेल तर बी००३४ च्या मागे लागण्यापेक्षा हाच संच घे.

सगळ्यात जोरदार आरबीएसने सुरुवात करू नये. तुम्हा पोरांना वाटतं जास्त म्हणजे चांगलं. पेशीला तसं वाटत नाही. तिचे रायबोसोम ठरावीक, ते सगळे तुझ्या कामाला जुंपलेस की ती वाढायचं सोडते, प्रथिनाचे न विरघळणारे गोळे करते, नाहीतर प्लाझ्मिडच बिघडवून सुटका करून घेते. प्लेटवर मोजक्याच आणि बारक्या कॉलन्या आल्या, की आधी त्यांचा आरबीएस वाचून घे. एखादं अक्षर गळालेलं किंवा बदललेलं दिसेल. तो अपघात नसतो, जिवाणूने केलेली निवड असते. मधल्या ताकदीपासून सुरू कर आणि वर-खाली सरक.

आरबीएसच्या निरनिराळ्या रूपांचा संच करायचा असेल तर एजीजीएजीजीच्या जागेची सहाही अक्षरं मोकळी सोडू नकोस. चाराचा सहावा घात म्हणजे ४०९६ रूपं होतात, त्यातली बहुतेक मरतुकडी. तू तपासणार शंभर कॉलन्या, शंभरही तशाच निघतील. दोन-तीन जागीच ए किंवा जी असा पर्याय ठेव. रूपं मोजकी होतील आणि पायऱ्या दिसतील.

जेलवर तुझ्या प्रथिनाच्या पट्टीखाली दुसरी लहान पट्टी दिसली तर लगेच प्रथिन तुटतंय म्हणून प्रोटिएजवर खापर फोडू नकोस. जनुकाच्या आत कुठे एजीजीएजी आणि पुढे सात-आठ अक्षरांवर एटीजी किंवा जीटीजी लपला आहे का ते शोध. वनस्पती नाहीतर माणसाकडून घेतलेल्या जनुकांत हे हमखास सापडतं, कारण तिकडे या अक्षरांना काही अर्थच नसतो.

ज्या जिवाणूत मोजलं, त्याच्याबाहेर आकडा नेऊ नये. नीरीत जायचं तुझ्या मनात आहे. १९५८ पासूनची संस्था, सांडपाणी आणि प्रदूषण खाणाऱ्या जिवाणूंवर तिथे पुष्कळ काम झालंय. पण तिथे तुला सुडोमोनास भेटतील, बॅसिलस भेटतील. ई. कोलायकडे एस-वन नावाचं एक प्रथिन आहे, ते कमजोर आरबीएसलाही सांभाळून घेतं. बॅसिलसकडे तसा आधार नाही, त्याला जुळणी पक्की लागते आणि अंतरही थोडं जास्त. तुझा इथला ०.३ तिथे शून्य होऊ शकतो.

आणि वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेतल्या तुझ्या मैत्रिणीला आरबीएस विचारलास तर ती हसेल. झाडाच्या पेशीद्रवात शाइन-डालगार्नो जुळणी चालतच नाही, तिथला रायबोसोम आरएनएच्या टोपीपासून चालत येतो आणि बहुधा पहिल्या एटीजीवर थांबतो. बीटीचं जनुक मुळात बॅसिलस थुरिंजिएन्सिसचं. ते जसंच्या तसं झाडात घातलं तेव्हा प्रथिन इतकं कमी निघालं की अळीला ढिम्म काही होईना. १९९१ साली मोन्सॅन्टोच्या पर्लॅक आणि सहकाऱ्यांनी प्रथिन तेच ठेवून जनुकाची अक्षरं बदलली, तेव्हा उत्पादन शंभर पटींपर्यंत वाढलं. २००२ साली आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्याच्या मागे ही अक्षरांची उलथापालथ आहे. विदर्भातल्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं, तो निराळा आणि कडू विषय. तो आरबीएसने सुटणारा नाही.

आता नागपूरचं म्हणून एक. साध्या इनक्युबेटरला तापवता येतं, थंड करता येत नाही. नवतपा लागला, पारा ४५ च्या पुढे गेला आणि रात्री लॅबचा एसी बंद केला, की ३७ वर ठेवलेला इनक्युबेटर गुमान ४१-४२ दाखवतो. सकाळी तू येतेस तेव्हा तो परत ३७ वर, आणि तुला पत्ताच नाही. ४२ अंशांना ई. कोलायचा उष्माघाताचा कारभार सुरू होतो. त्याच्या आरपीओएच जनुकाचा संदेश तर केसपिन उलगडूनच तापमान ओळखतो. तुझ्या आरबीएसवरच्या केसपिनाही तशाच सैल होतात आणि कमजोर भाग एकाएकी जोमदार दिसतो. आत कमाल-किमान दाखवणारा तापमापक ठेव, थंडही करणारा शेकर मिळाला तर मोजणी त्यातच कर. ॲम्पिसिलिनच्या प्लेट रात्रभर बाहेर राहिल्या असतील तर टाकून दे. आणि कूलरचा झोत बर्नरवर घेऊन प्लेट ओतणाऱ्या मुलाला माझ्या नावाने रागव.

मोजताना प्रत्येक प्लेटवर, त्याच दिवशी, बी००३४ असलेला ओळखीचा नमुना लाव आणि आपला आकडा त्याच्या पटीत सांग. यंत्राचं नुसतं वाचन कुणालाही दाखवू नकोस, पुढच्या खोलीतलं यंत्र वेगळं सांगेल. फ्लुओरेसीनची मोजपट्टी करायला फारसा खर्च येत नाही. आयजेम स्पर्धेतल्या पोरांनी आंतर-प्रयोगशाळा मोजणीत तीच वापरली, तुम्हीही वापरा.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज आधी, क्लोनिंग नंतर. १९८९ च्या नियमांत ते आहे आणि "छोटासाच तुकडा आहे" हे तिथे चालत नाही.

आणि उणे ८० मध्ये ठेवायच्या ट्यूबवर नुसतं "बी००३४ + जीएफपी" लिहू नकोस. रजिस्टरमध्ये सांध्याची अक्षरं पूर्ण लिही: आरबीएस, व्रण, एटीजी, पुढची तीस. बाजूला जिवाणूची जात, तापमान, तारीख. नोंद इंग्रजीत कर की मराठीत कर, पण पेन्सिलने नको.